सतनामचं करिअर खरंच 'वाया गेलं' का? (आमच्या कोर्टावरच्या सहा फूट तीन इंची मुलाच्या निमित्ताने)

कोर्टवाला सातारकर | रविवार, दुपारी १२:१०

मंडळी नमस्कार. विषय लांबणार आहे, पण आठवडाभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतो.

मी रोज सकाळी सहा ते आठ मुलांना बास्केटबॉल शिकवतो. पगार वगैरे काही नाही, दुकान उघडायच्या आधीचे दोन तास मिळतात ते देतो. दिवाळीनंतर कोरेगाव तालुक्यातल्या एका गावातून एक मुलगा यायला लागलाय. नववीत आहे. उंची सहा फूट तीन इंच, आणि हातापायाचे पंजे बघितले तर अजून वाढणार हे कुणीही सांगेल. वडील आल्याची शेती करतात. शनिवार-रविवारी स्वतः मोटारसायकलवर घेऊन येतात आणि दोन तास पायरीवर बसून बघत राहतात. एक शब्द बोलत नाहीत.

मागच्या रविवारी सराव संपल्यावर पोवई नाक्यावर चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "सर, खरं सांगा. ह्यो पुढं अमेरिकेत खेळंल का?"

मी काही बोलायच्या आत आमच्यातल्याच एका जुन्या खेळाडूने सांगून टाकलं, "अहो दादा, पंजाबचा सतनाम सात फुटी होता. तो गेला आणि वाया गेला. तुमचं पोरगं काय घेऊन बसलाय!"

मुलगा तिथेच उभा होता. हातातलं बिस्कीट त्याने खाल्लं नाही, तसंच चहाच्या बशीत ठेवलं.

त्या वेळी मला पटकन नीट उत्तर सुचलं नाही. आज देतो.

सतनाम सिंग भामरा पंजाबातल्या बल्लो के नावाच्या लहानशा खेड्यातला. १९९५ चा जन्म. घरी गव्हाची शेती, पिठाची गिरणी. वडीलही सात फुटांच्या वर. त्यांना स्वतःला खेळायचं होतं, पण घरच्या शेतीपायी जमलं नाही, म्हणून मुलाला खेळायला घातलं. मुलगा लुधियानाच्या अकादमीत गेला. २०१० मध्ये रिलायन्स-आयएमजी शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनच्या आयएमजी अकादमीत. तेव्हा वय १४. इंग्रजी येत नव्हतं. २०११ मध्ये, सोळावं वर्षही पूर्ण झालेलं नसताना, आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारताच्या मुख्य संघातून खेळला. आणि २५ जून २०१५ च्या रात्री ब्रुकलिनमध्ये डॅलस मॅव्हेरिक्सने एनबीए या अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, ५२ व्या क्रमांकावर त्याचं नाव घेतलं. भारतात जन्मलेला एनबीए ड्राफ्टमधला तो पहिला खेळाडू.

पुढचंही लपवत नाही. डॅलसच्या मुख्य संघातून तो एकही सामना खेळला नाही. टेक्सास लेजेंड्स या त्यांच्या दुय्यम लीगमधल्या संघात दोन हंगाम काढले, त्यातही मैदानावर वेळ कमीच मिळाला. नंतर कॅनडाच्या लीगमध्ये सेंट जॉन्स एजकडून खेळला. २०१९ मध्ये उत्तेजक चाचणीत अडकला, दोन वर्षांची बंदी आली. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका व्यावसायिक कुस्ती कंपनीशी करार केला.

आता मला सांगा, एवढ्या प्रवासाला 'वाया गेला' हा एकच शब्द आपल्याकडे आहे का?

---

वाईकर अप्पा | रविवार, दुपारी १:०२

चहाच्या टपरीवर ते बोलणारा मी नव्हे, पण मत माझंही तेच आहे. राग मानू नका.

पोराच्या तोंडावर बोलायला नको होतं, हे मान्य. पण शेतकरी बापाला खरं कुणीतरी सांगायला हवंच. सात फूट दोन इंच उंची, अमेरिकेतलं पाच वर्षांचं शिक्षण, फुकट राहणं-खाणं, एवढं सगळं मिळून ज्याला एक सामना मिळाला नाही, तिथे सातारच्या सिमेंटवर शिकणाऱ्या पोराने कशाच्या जिवावर स्वप्न बघायचं? शिवाय ती चाचणी. खेळाडूच्या पोटात काय जातं याची जबाबदारी खेळाडूचीच.

माझा पुतण्या बारावीपर्यंत व्हॉलीबॉल खेळला. राज्यापर्यंत गेला. आज गुडघा आणि बारावीचे मार्क, दोन्हींकडून गेला. मी जवळून बघितलंय.

---

कृष्णा-कोयना संगम | रविवार, दुपारी ३:४५

मूळचा कराडचा, सध्या बंगळूरला नोकरी. पहाटे उठून एनबीए बघायचं वेड कॉलेजपासून आहे, म्हणून या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

अप्पा, 'एवढं सगळं मिळून' असं तुम्ही म्हणालात, तिथे थोडं थांबूया. आधी गणित. एनबीएमध्ये ३० संघ, प्रत्येक संघात साधारण १५ खेळाडू. म्हणजे सगळ्या जगातून फक्त साडेचारशे जागा. दरवर्षी ड्राफ्टच्या दोन फेऱ्यांत मिळून ६० च्या आसपास नावं घेतात. पहिल्या फेरीतल्याला कराराची हमी असते, दुसऱ्या फेरीतल्याला नसते. ५२ वा म्हणजे दुसऱ्या फेरीचाही उत्तरार्ध. त्या टप्प्यावर निवडलेली कितीतरी अमेरिकन मुलंही एनबीएचा एक सामना न खेळता परत जातात. त्यांना कुणी देशाचा अपमान म्हणत नाही.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तारखा बघा. सतनामचं नाव पुकारलं गेलं २५ जूनला. त्याच्या नऊच दिवस आधी, १६ जूनला, गोल्डन स्टेट वॉरियर्सने क्लीव्हलंडला हरवून विजेतेपद जिंकलं होतं. ती मालिका आठवा. वॉरियर्स १-२ असे मागे होते. चौथ्या सामन्याआधी प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी अँड्र्यू बोगट हा आपला सात फुटी सेंटर सुरुवातीच्या पाचातून काढला आणि सहा फूट सहा इंचांचा आंद्रे इग्वोडाला घातला. मधल्या उंच माणसाचं काम ड्रेमंड ग्रीनने केलं, तोही तेवढ्याच उंचीचा. पुढचे तिन्ही सामने जिंकले. इग्वोडाला अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

झालं काय होतं? वॉरियर्सचा स्टीफन करी लांबून, तीन गुणांच्या रेषेच्याही बाहेरून टाकायचा. त्याला अडवायचं तर उंच माणसाला रिंगखालची जागा सोडून पंचवीस फूट बाहेर यावं लागणार, आणि बाहेर आलेला उंच माणूस हलका नसेल तर करी त्याला एका ड्रिबलमध्ये मागे टाकणार. मग प्रत्येक संघ बघायला लागला की आपला सेंटर बाहेर येऊन पाय हलवू शकतो का? सतनाम ज्या खेळासाठी लहानपणापासून घडवला गेला, रिंगखाली पाठ लावून उभं राहायचं आणि उंचीच्या जोरावर टाकायचं, तो खेळ त्याच महिन्यात मागे पडत होता. तो दारापर्यंत पोचला आणि आतली घराची मांडणीच बदललेली होती. यात त्या पोराचा काय दोष?

---

साताऱ्याची लेक | रविवार, संध्याकाळी ५:२०

वाचतेय. संगमदादा, तारखांचं हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं.

---

वाईकर अप्पा | रविवार, रात्री ८:३३

संगम, हे चांगलं समजावलंस. पण मग उंच माणसं संपलीच म्हणायची. तसं असेल तर कोरेगावच्या पोराला आजच सांगून टाका.

---

कृष्णा-कोयना संगम | रविवार, रात्री ९:५०

संपली नाहीत अप्पा, आणि त्याचा पुरावाही सतनामच्याच वयाचा आहे.

निकोला योकिच. सर्बियातल्या सोम्बोर गावचा. जन्म १९९५, म्हणजे सतनामच्याच सालचा. निवड २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, तीही दुसऱ्या फेरीत, ४१ वा. उंची सहा फूट अकरा. धावायला संथ, उडी बेताची. कागदावर मांडलं तर सतनामपेक्षा फार वेगळं काही दिसणार नाही. पण डेन्व्हरने निवडल्यावर तो लगेच अमेरिकेला गेला नाही. एक वर्ष सर्बियातच मेगा क्लबकडून एड्रियाटिक लीग खेळला, तिचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि मग २०१५ मध्ये डेन्व्हरला गेला. पुढे २०२१, २०२२ आणि २०२४ अशी तीन वेळा एनबीएची एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू), २०२३ चं विजेतेपद. हे सगळं कशावर? डोळ्यांवर आणि हातांवर. कोण कुठे पळणार हे त्याला आधी दिसतं आणि बॉल तिथे पोचलेला असतो.

सर्बियाची लोकसंख्या सत्तर लाखांच्या आत. आपला सातारा जिल्हा २०११ च्या जनगणनेत तीस लाखांचा. म्हणजे आपल्यासारखे सव्वादोन जिल्हे, एवढाच देश. पण तिथे १९ वर्षांचा मुलगा दर आठवड्याला तिशीतल्या व्यावसायिक खेळाडूंच्या अंगाला अंग लावून खेळतो, चुकतो, पुढच्या आठवड्यात परत खेळतो. सतनामला अमेरिकेत उत्तम जिम मिळाली, प्रशिक्षक मिळाले. पण वयाच्या दहा ते चौदा वर्षांत भारतात त्याला किती खरे सामने मिळाले असतील? आणि परत यायचं म्हटलं तर त्याच्यासाठी इथे कोणती कायमची लीग होती? यूबीए नावाची लीग २०१५ मध्ये सुरू झाली, पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स वगैरे संघ होते, दोन-तीन वर्षांत बंद पडली.

---

कोर्टवाला सातारकर | सोमवार, सकाळी ८:४०

संगम, तू माझ्या मनातलं बोललास. सामने! त्यावरून आमच्याच कोर्टावरची गोष्ट सांगतो.

काल रात्री धागा वाचून झोपलो आणि आज सकाळी मुद्दाम त्या मुलाचे बूट हातात घेऊन बघितले. बूट साधेच, आणि त्याच्या मापाचा जोड सातारच्या दुकानात मिळत नाही म्हणून पुण्याहून आणलेले. उजव्या बुटाचा तळवा नवा असल्यासारखा, नक्षी सगळी शाबूत. डाव्या बुटाचा अंगठ्याखालचा भाग मात्र घासून गुळगुळीत झालेला, दोन रुपयांच्या नाण्याएवढा गोल चकचकीत डाग. काय ते लगेच कळलं. हा मुलगा बॉल हातात आला की दर वेळी डाव्याच पायावर गर्रकन फिरतो. उजवा पाय रोवून दुसऱ्या बाजूला वळायची त्याला कधी गरजच पडलेली नाही, कारण त्याच्या शाळेत आणि आमच्या कोर्टावर त्याच्यापेक्षा उंच कुणी नाही. डावीकडून वळला, हात वर केला, टाकला. प्रत्येक वेळी बास्केट. मुलं टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्यात.

सहा फूट सहाचा एखादा मुलगा समोर आला की तिसऱ्या वेळेला त्याला हे कळणार आणि तो आधीच त्या बाजूला उभा राहणार. मग आमच्या मुलाकडे काय आहे? काही नाही. उंचीने त्याची सोय केली आणि तीच आता आड येतेय.

त्याला विचारलं, गेल्या वर्षी सामने किती खेळलास? म्हणाला, दोन. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. पहिला जिंकले, दुसरा हरले, वर्ष संपलं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, ही उतरंड आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ज्या शाळेचा संघ दुबळा, त्या शाळेतलं चांगलं पोरगं वर्षातून ऐंशी मिनिटं सुद्धा खऱ्या सामन्यात खेळत नाही. वर दहावी आली की शाळा खेळाचा तास काढून गणिताला देते. ही तक्रार मी वीस वर्षं करतोय, आणि दर जूनमध्ये नव्याने वाईट वाटतं.

आणि अप्पा, पहिल्या माणसाबद्दल एक सांगू? तुम्ही आम्ही खाशाबांच्या जिल्ह्यातले. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते, लोकांनी वर्गणी केली. त्यानंतरचं वैयक्तिक पदक कधी आलं? १९९६ ला, लिअँडर पेसचं. मध्ये चव्वेचाळीस वर्षं गेली. या चव्वेचाळीस वर्षांबद्दल आपण खाशाबांना बोल लावत नाही. त्यांनी दार उघडलं, मागे रस्ता बांधायचं काम त्यांचं नव्हतं. सतनामने पदक आणलं नाही, बरोबरी करत नाहीये मी. पण एकटा पुढे गेलेल्या माणसामागे रस्ता कुणी बांधायचा, हा प्रश्न तोच आहे.

---

साताऱ्याची लेक | सोमवार, सकाळी १०:१५

बुटाचं वाचून अंगावर काटा आला. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, तीही खेळते. आज संध्याकाळी तिचे बूट बघणार.

मला वेगळा मुद्दा मांडायचाय. आपण 'करिअर' म्हटलं की थेट अमेरिकेवर उडी का मारतो? पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली. ती आपल्या एवढ्या जवळची, पण तिचं नाव आमच्या सोसायटीत दहा जणांना विचारलं तर एकालाही माहीत नाही. सतनाम तरी बातम्यांत आला. बायकांच्या बास्केटबॉलमध्ये तर पोट भरायचं साधन म्हणजे रेल्वे, नाहीतर केरळच्या वीज मंडळासारखे संघ. पण ते आहे ना! नोकरी लागते, रोज सराव होतो, देशासाठी खेळता येतं. मुलीच्या आजीला मी हेच समजावते. महाराष्ट्रातही सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. फक्त प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून जपून ठेवा, स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची आहे का हे आधीच बघा. नंतर धावाधाव करणारे पालक मी पाहिलेत.

---

अपशिंगेकर फौजी | सोमवार, रात्री ९:१०

जय हिंद. मी फौजेतून खेळलो, आता निवृत्त. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

ताई बरोबर बोलल्या. आमच्या वेळेला युनिटच्या संघात घेतलं तर खुराक वेगळा, ड्युटीत सवलत. गावात कुणी बास्केटबॉल बघितला नव्हता. मी भरती झाल्यावर एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा हातात घेतला.

तुम्ही सगळे सतनामचं बोलताय, मला अमृतपाल सिंगबद्दल सांगायचं आहे. तोही पंजाबचा, शेतकऱ्याचा मुलगा. आधी कबड्डी. बास्केटबॉल विशीच्या उंबरठ्यावर आल्यावर सुरू केला. पण देशातल्या संघांत खेळत राहिला, जपानला जाऊन खेळला, आणि २०१७ ला सिडनी किंग्जने करार केला. ऑस्ट्रेलियाच्या त्या लीगमध्ये खेळलेला पहिला भारतीय. त्याच वर्षी वाराणसीच्या विशेष भृगुवंशीलाही ॲडलेडच्या संघाने घेतलं. विशेष ओएनजीसीत नोकरीला, देशाचा कर्णधार राहिलेला, २०२० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला.

आणि २०१४ ला वुहानमध्ये आशिया कपात आपण चीनला त्यांच्याच घरात हरवलं, ६५-५८. मी त्या दिवशी मेसमध्ये सगळ्यांना पेढे वाटले होते. पोरं विचारत होती, साहेब, क्रिकेट तर नव्हतं आज? मी म्हटलं, नव्हतं, तरी खा.

कोरेगावच्या पोराला माझा निरोप द्या. चौदा म्हणजे लय लवकर सुरुवात झाली त्याची.

---

हाडवैद्याची नात | मंगळवार, सकाळी ७:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोर्टवाले सर, दोन गोष्टी कृपया गांभीर्याने घ्या.

पहिली गुडघ्याची. या वयात हाडं भराभर वाढतात आणि मांडीचे स्नायू मागे राहतात. ते गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या टोकाला जिथे जोडलेले असतात तिथे ओढ बसते. मुलगा म्हणेल, वाटीखाली दुखतंय, तिथे बोट लावलं की टेंगूळ लागेल. त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. सिमेंटच्या कोर्टावर रोज उड्या मारणाऱ्या मुलांत मी हे सतत बघते. घाबरायचं कारण नसतं, वाढ थांबली की बहुतेकांचं जातं. पण दुखत असताना दात-ओठ खाऊन उड्या मारायला लावू नका. उड्या कमी करा, शूटिंग आणि पासिंग चालू ठेवा, मांडी आणि कमरेची ताकद वाढवा. अप्पांच्या पुतण्याच्या बाबतीत नेमकं काय झालं हे बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण वेळेत लक्ष दिलं तर बरेच गुडघे वाचतात हे अनुभवाने सांगते.

करीचंच बघा. २०११-१२ च्या हंगामात घोट्याच्या दुखण्याने तो फक्त २६ सामने खेळू शकला. शस्त्रक्रिया झाल्या. हा टिकणार नाही असं बोललं जात होतं. त्याला सांभाळणाऱ्यांनी घोट्यावरचा भार कमरेकडे नेला, नितंबाचे आणि मांडीचे स्नायू मजबूत केले, वळण्याची पद्धतच बदलली. २०१५ आणि २०१६ ला तोच एमव्हीपी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. खूप उंच, सडपातळ, बोटं लांब, दोन्ही हात पसरले तर लांबी उंचीपेक्षा बरीच जास्त, अशी ठेवण असेल तर हृदयाची इको तपासणी एकदा करून घ्या. मारफान सिंड्रोम नावाचा जनुकीय दोष असतो, त्यात हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी नाजूक असते. उंच म्हणजे मारफान असं मुळीच नाही, बहुतेकांना काहीही नसतं. पण २०१४ मध्ये आयझाया ऑस्टिन नावाच्या सात फुटी अमेरिकन मुलाला ड्राफ्टच्या अगदी काही दिवस आधी तपासणीत हे कळलं होतं. कळलं म्हणून जीव सांभाळता आला. वडिलांना घाबरवू नका, फक्त पाठवा.

---

कोर्टवाला सातारकर | मंगळवार, सकाळी ९:०५

मॅडम, मनापासून आभार. मी स्वतः त्यांच्याबरोबर जाईन.

---

वाईकर अप्पा | मंगळवार, रात्री १०:४०

दोन दिवस काही लिहिलं नाही, वाचत होतो. पुतण्यालाही वाचायला दिलं. तो म्हणाला, "काका, माझ्या वेळेला कुणी मला उड्या कमी कर म्हणालं नाही. दुखतंय म्हटलं तर नाटक करतो म्हणायचे." म्हणणाऱ्यांत मी होतो. ते आता मागे घेता येत नाही.

सतनामबद्दल 'वाया गेला' हा शब्द मी परत घेतो. त्या चाचणीबद्दलचं मत मात्र तेच आहे. उलट त्यावरून आपल्या पोरांना आत्तापासून शिकवा, की कुणीही दिलेली पावडर, गोळी, काढा, विचारल्याशिवाय तोंडात टाकायची नाही. तालमीत आणि जिममध्ये काय काय फिरतं ते मला माहीत आहे.

आता कामाचं. वाईत आमच्या ओळखीत कॉलेजच्या पोरांचा एक संघ आहे. त्यात सहा फूट पाचचा एक आहे, एकोणीस वर्षांचा. सातारला आणायची जबाबदारी माझी, जीपचं भाडं माझं. बाद पद्धत नको. हरला तरी परत खेळायचं, असं काहीतरी करा.

---

कृष्णा-कोयना संगम | मंगळवार, रात्री ११:१५

अप्पा!! कराडच्या माझ्या जुन्या क्लबला आत्ताच फोन केला, ते तयार आहेत. तीन संघ झाले. फलटण किंवा कोरेगावहून अजून एक मिळाला तर चार. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे संघाला सहा सामने. जानेवारी ते मार्च, एक आड एक रविवार. चेंडू आणि शिट्ट्या मी पाठवतो.

---

कोर्टवाला सातारकर | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी २:००

उशिरा लिहितोय, क्षमस्व.

आधी तब्येतीचं. इको झाली, सगळं व्यवस्थित आहे. डॉक्टरांनी रिपोर्ट हातात दिला तेव्हा त्याच्या वडिलांनी तो चार वेळा घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. नडगीवर थोडं टेंगूळ आहे, म्हणून उड्यांचा सराव आठवड्यातून दोनच दिवस ठेवलाय.

या तीन आठवड्यांत मी त्याला एकच काम दिलं. उजवा पाय रोवायचा आणि उजव्या खांद्यावरून वळायचं. रोज शंभर वेळा, बॉल न टाकता. पहिले चार दिवस तो प्रत्येक वेळी तोल जाऊन पुढे पडायचा, एवढा मोठा देह सावरताना त्याला स्वतःचाच राग यायचा. लहान मुलं हसली की मान खाली घालायचा. दहाव्या दिवशी मी त्याला करीची गोष्ट सांगितली, की शाळेत असताना त्याच्या वडिलांनी त्याची बॉल टाकायची पद्धत मोडून नव्याने बसवली होती. आधी तो कमरेपासून फेकायचा, ते डोक्याच्या वर नेलं. त्या उन्हाळ्यात त्याला काहीच जमत नव्हतं. मुलाने विचारलं, "त्येचे वडील स्वतः खेळायचे का?" म्हटलं, हो, एनबीएतच होते. तो पायरीकडे बघत म्हणाला, "माझे बघायला तर येत्यात."

आज वाईविरुद्ध पहिला सामना झाला. तो सहा फूट पाचचा मुलगा समोर होता. पहिल्या तीन वेळा आमच्याने डावा पाय रोवला आणि तिन्ही वेळा त्याने वरच्या वर थोपवला. चौथ्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर उजवी टाच जमिनीवर बसली. वळला. समोरचा दुसऱ्याच बाजूला गेला होता, रिंग मोकळी होती. आणि याने गडबडीत पाय उचलला, पंचांनी ट्रॅव्हलिंग (बॉल हातात धरून जास्त पावलं टाकल्याची चूक) दिलं. बास्केट झालंच नाही. पण अप्पा बेंचवरून उठून उभे राहिले होते, विरुद्ध संघाचे असून.

सामना आम्ही एकवीस गुणांनी हरलो. फौजीसाहेब अपशिंग्याहून आले होते. त्यांनी सामन्यानंतर त्याला बाजूला घेऊन अर्धा तास नुसतं उभं कसं राहायचं ते दाखवलं, गुडघे वाकवून, बूड खाली.

त्याच्या वडिलांना मी अमेरिकेबद्दल अजून काही सांगितलेलं नाही. त्यांनीही परत विचारलं नाही. जाताना गाडीला किक मारता मारता म्हणाले, "सर, कराडला किती वाजता पोचायचं?"

तर पुढचा सामना एक रविवार सोडून, कराडला, सकाळी साडेसातला. स्कोअर लिहायला एक माणूस कमी आहे, कुणी येऊ शकत असेल तर इथेच कळवा. आणि चौदा नंबरचे बूट कुणाकडे वापरून बाजूला ठेवलेले असतील तर तेही.